अंबूबाईंची दहा जनावरं

शेणव्यात एकदा अशी आवई उठली होती, की मुरबाडच्या देवजी धानक्याची शिकलेली लेक पोरांची आठवण काढून घेते. कशी? तर पोराला समोर बसवते, चित्रं दाखवते, हातातल्या घड्याळाचा खटका दाबते, आणि पोरगं घरी येतं ते अर्धं रिकामं. काढलेली आठवण ती पत्र्याच्या डब्यात भरते, शनिवारी आटगावला गाडीत बसते आणि मुंबईला नेऊन देते. तिथल्या शेठ लोकांची पोरं पहिल्या नंबराने पास होतात, ती काय उगाच?

"माजा धाऊ सोमवारी शाळंत गेला तेवा चांगला शाणा होता," लहानी पाणवठ्यावर हंडा खाली ठेवून सांगायची. "घरी आला, मी इचारलं, काय दाखवलं रे बाईंनी? तर निस्ता माज्या तोंडाकडं बघत रायला. गेली ना आठवण! डब्यात गेली!"

यातलं एक अक्षर खरं नव्हतं. डब्यात दहा चित्रं होती, खटका दाबला की थांबणारं एक घड्याळ होतं, शिसपेन्सिली होत्या आणि भाजलेल्या पोह्यांची पुडी होती, कारण अंबूबाईंना बाहेरचं तेलकट सोसत नसे. शनिवारी त्या मुंबईला जात नसत. किन्हवलीच्या वाटेने मुरबाडला, वडिलांकडे जात. आणि आठवण त्या काढत नव्हत्या, मोजत होत्या. पण मोजण्याची वस्तू तागडीत दिसली पाहिजे, एवढं तर पाणवठ्यावरच्या कुणालाही कळतं. त्यामुळे डब्याची गोष्ट खरी वाटायची आणि बाईंची खोटी.

देवजी धानके मुरबाडहून कल्याणला भाताच्या गाड्या हाकायचा. लेकीचं लग्न नवव्या वर्षी लावलं. अकराव्या वर्षी ती विधवा होऊन परत आली. नवऱ्याचं तोंड तिने दोनदाच पाहिलं होतं आणि दोन्ही वेळा मुंडावळ्या आड आल्या होत्या. भावकी म्हणाली, आता हिला चुलीपाशी बसव. देवजीने एके पहाटे तिला तांदळाच्या पोत्यांवर बसवलं, कल्याणला नेलं आणि पुण्याच्या गाडीत चढवून विधवा मुलींच्या शाळेत पोचवलं. परत आल्यावर भावकीने धारेवर धरलं तर म्हणाला, "तांदूळ कल्याणला पोचला का भाव येतो. पोरीला का नाय येणार?"

भाव आला. पुण्याहून अंबूबाई मुंबईच्या कॉलेजात गेल्या. तिथे मन या विषयाचे एक प्रोफेसर होते, ते दर वाक्यात एकदा तरी 'म्हणजेच' म्हणत. त्यांच्या प्रयोगशाळेत दोन टेबलं, एक घड्याळ आणि एक रडणारं पोरगं असायचं. अंबूबाई जवळ बसल्या की पोरगं गप्प व्हायचं. हे पाहून प्रोफेसर म्हणाले, "बाई, तुम्ही मुलांची स्मृती घ्या. म्हणजेच मुलं तुम्ही सांभाळा, स्मृती मी सांभाळतो." बाईंनी दोन्ही सांभाळायला घेतली.

छत्तीस साली त्यांना शेणव्याला धाडलं, ते शाळा तपासणारे डिपोटी कमळाकरराव यांच्या सांगण्यावरून. शेणव्याच्या शाळेत चार इयत्ता आणि दोन मास्तर. डिपोटींना दुसऱ्या मास्तरचा पगार सलत होता. "मी काय म्हणतो," ते म्हणाले (त्यांचं बोलणं कायम असंच सुरू व्हायचं आणि शेवटी तपकिरीची चिमूट नाकाला लागायची), "मी काय म्हणतो, या पोरांच्या डोक्यात काही राहत असेल तर मास्तर ठेवू. राहत नसेल तर तिसरी-चौथी दिवाळीपासून बंद. तुमच्या त्या चित्रांनी मोजून सांगा. ठीकाय?"

तिसरी बंद म्हणजे पुढे शिकायला शहापूरला जायचं, जाण्यायेण्यात सगळा दिवस मोडायचा. पोरगा एखाद वेळी गेलाही असता. पोरगी कुणी धाडली नसती. बाईंना हे माहीत होतं, तरी त्या हसत हो म्हणाल्या. दहा चित्रांतली आठ लक्षात राहिली की पोरगं ठीक, असं मुंबईचं माप होतं, आणि शेणव्याची पोरं आठ काय, नऊ सांगतील अशी त्यांना खात्री होती.

शाळा रानाच्या कडेला. खिडकीतून माळ दिसायचा, आणि माळावरून रानात चढणारी गावची गुरं. बाई एकेक चित्र वर धरायच्या आणि खणखणीत आवाजात नाव सांगायच्या. ससा. बैल. मोर. वाघ. इथे पोराची मान झटकन खिडकीकडे वळायची. बाई कागदावर लिहायच्या, 'लक्ष विचलित.' मग मासा, बगळा, बिबट्या, बकरी, तरस, कोंबडा. दहा झाली की पोराला पंधरा मिनिटं विटीदांडू खेळायला सोडायचं आणि परत बोलावून विचारायचं, "हं, काय काय पाहिलंस?"

लहानीचा धाऊ बोटं मोजत उभा राहिला. "ससा, बैल, मोर..." थांबला. मग हळूच म्हणाला, "मोठा."

"मोठा काय?"

धाऊने खिडकीकडे पाहिलं, अंगठ्याने भुई उकरली. "मासा. बगळा..."

बाईंनी फुली मारली.

बाईजाची गिरजा नऊ वर्षांची, शाळेतली सगळ्यांत वाचाळ पोरगी. तीही सातावर येऊन दातखीळ बसल्यासारखी गप्प झाली. बाईंनी चुचकारलं, गूळ दाखवला, "हं, पुढे?" म्हणून तीनदा विचारलं. गिरजाने गुळाकडे पाहून आवंढा गिळला, पण तोंड उघडलं नाही. सव्वीस पोरं झाली. कुणाची पाच, कुणाची सहा, पुष्कळांची सात. आठ एकाचीही नाहीत. आणि तीन ठिकाणी तर सगळ्यांच्याच फुल्या. वाघ, बिबट्या, तरस.

बाईंनी प्रोफेसरांना पत्र टाकलं. आठव्या दिवशी उत्तर आलं, तेही चार पानी. प्रोफेसर हर्षाने वेडे व्हायचे बाकी होते. 'ज्याची भीती, त्याचं विस्मरण! म्हणजेच भयाने स्मृती पुसली जाते! म्हणजेच आपला निबंध तयार आहे आणि त्यावर माझ्या नावाखाली तुमचं नाव येईल.'

बाईंनी पत्र दोनदा वाचलं. छापलेलं नाव कुणाला नको असतं? पण ज्या कागदाने नाव छापून येणार होतं त्याच कागदाने तिसरी-चौथी बंद होणार होती. डिपोटी गुरुवारी येणार होते. तो दिवस होता सोमवार.

बाई बाईजाच्या घरी उतरल्या होत्या. त्या दिवशी दिवेलागणीला त्या ओटीवर पत्र मांडीवर घेऊन बसल्या होत्या. गुरं घरी आली होती, बाईजा गोठ्यात दावी बांधत होती, आणि गिरजा आपल्या चार वर्षांच्या बहिणीला भात भरवत होती. ही धाकटी भारी हट्टी. तोंड मिटून बसलेली.

"हा घास सशाचा," गिरजा म्हणाली. "हा बैलाचा. आ कर गो! हा मोराचा. हा वाघाचा, मोट्टा. हा माशाचा. हा बगळ्याचा. हा बिबट्याचा. हा बकरीचा. हा तरसाचा. आनि ह्यो कोंबड्याचा, संपला!"

बाईंच्या मांडीवरून पत्र खाली पडलं. दहाच्या दहा. त्याच क्रमाने. चित्रं दाखवून दोन आठवडे होत आले होते.

"गिरजे, हे तू शाळेत का नाही सांगितलंस?"

गिरजाने बाईंकडे असं पाहिलं, जसं बाईंनी आकाश कुठे आहे म्हणून विचारलं असावं. "तेवा गुरं रानात होती ना!"

गोठ्यातून बाईजा हसत बाहेर आली. "बाई, गुरं रानात असली का त्याचं नाव नाय घेत. नाव घेतलं म्हंजे हाक मारली. मग तो बगाय येतो, कोन बलावतंय मला. मोठा म्हनायचं, ठिपक्या म्हनायचं, लंगडा म्हनायचं. तेबी हळू. तुमी वर्गात त्याच्या नावाने एवढी बोंब मारलीत, पोरं बिचारी भ्याली. आवो, तुमी मुरबाडच्याच ना? तुमच्या आयशीने नाय शिकवलं?"

शिकवलं होतं. अंबूबाईंना एकदम ओठांवर आईचा तळवा जाणवला, पेंडीच्या वासाचा, घट्ट दाबलेला. पाच वर्षांच्या असताना भरदुपारी अंगणात उभं राहून त्यांनी तोच शब्द मोठ्याने म्हटला होता, आणि मामाची गुरं तेव्हा डोंगरावर होती. पुणं झालं, मुंबई झाली, आठवण या विषयावरची सात इंग्रजी पुस्तकं झाली, आणि एवढं मात्र त्या साफ विसरल्या होत्या. बाईंना हसू आलं. इतकं आलं, की चष्मा काढून पदराने डोळे पुसावे लागले. धाकटीला वाटलं बाई रडतायत, म्हणून तिने तोंडातला कोंबड्याचा घास काढून त्यांना देऊ केला.

त्याच संध्याकाळी बाईंनी प्रोफेसरांना कार्ड लिहिलं. 'मुले विसरलेली नाहीत. मुले बोलत नाहीत. निबंध थांबवावा.' छापून येणारं नावही त्याच्याबरोबर गेलं, तरी टपालात टाकलं.

गुरुवारी डिपोटी आले. बाईंनी सगळं सांगितलं आणि म्हणाल्या, "संध्याकाळी गुरं आल्यावर परीक्षा घेऊ. आपण थांबा."

"संध्याकाळी?" डिपोटींनी खिडकीतून रानाकडे पाहिलं. "छे छे, मला दिवसाउजेडी आटगाव गाठायचंय. वाटेत ते, हे असतं ना... मी काय म्हणतो बाई, लक्षात असेल तर तोंडातून येईल. तोंडातून आलं नाही म्हणजे डोक्यात नाही. ठीकाय?"

बाईंनी कागद पुढे ओढला. "साहेब, आपल्या घरी कोण कोण असतं?"

"मी, आई, तीन मुलं. आणि आमचं घर."

"घर म्हणजे?"

"घर म्हणजे हे... मंडळी."

"त्यांचं नाव काय?"

डिपोटींनी तपकिरीची डबी काढली, परत ठेवली. "अहो बाई, असं चारचौघांत..."

"असू द्या. विसरला असाल." बाईंनी ठसठशीत फुली मारली.

"विसरेन कसा? बारा वर्षं झाली लग्नाला!"

"तोंडातून आलं नाही म्हणजे डोक्यात नाही, साहेब."

मास्तर हसू लपवायला फळा पुसू लागले. फळा कोराच होता. डिपोटींचे कान लाल झाले, पण माणूस वाईट नव्हता. थोडा वेळ डबीवर टकटक करून ते म्हणाले, "मग मोजायचं कसं म्हणता?"

"करून दाखवू दे. बोलायचं नाही. चित्रं आपण दाखवा, क्रम आपण बदला, म्हणजे मी शिकवून ठेवलं असं व्हायला नको."

तसं ठरलं. डिपोटींनी पत्ते पिसावे तशी चित्रं पिसली आणि स्वतः दाखवली, नाव न घेता. पंधरा मिनिटांनी धाऊ आत आला. एका पायावर उभा राहून मान लांब केली, बगळा. भुईवर पडून तोंडाची उघडझाप केली, मासा. एक पाय ओढत, पाठीला कुबड काढून वर्गाला फेरी मारली, तरस. गालांवर, पोटावर, पाठीवर हात पोचेल तिथे बोटांनी ठिपके दिले, बिबट्या. आणि मग तो चार पायांवर आला, खांदे वर काढले, पोट भुईला टेकवलं आणि एक आवाज न करता डिपोटींच्या टेबलाखालून सरकत गेला. डिपोटींनी दोन्ही पाय खुर्चीवर घेतले.

"दहा," बाई म्हणाल्या आणि घड्याळाचा खटका दाबला.

सव्वीसांपैकी बावीस पोरांनी आठ किंवा जास्त जनावरं केली. शाळेच्या दारात गावातल्या बाया जमल्या. लहानी पुढेच होती आणि दर पोराच्या दर जनावराला "ह्यो बगा, ह्यो बगा," करत होती. तिच्या धाऊची आठवण डब्यातून कधी परत आली, हे तिला कुणी विचारलं नाही.

शेवटी गिरजा. तिने दहा जनावरं केली, एकाहून एक. वर्ग टाळ्या पिटत होता. बाई कागद आवरणार, तेवढ्यात गिरजाने पोट पुढे काढलं, कमरेची नसलेली डबी काढली, चिमूट घेतली, नाकाला लावली, डोळे मिटले, तोंड उघडून आभाळाकडे केलं, आणि शिंकली. सगळा वर्ग शिंकेसारखाच फुटला. मास्तरांनी डोळे वटारले.

डिपोटींची खरी चिमूट बोटांतच राहिली होती. त्यांनी गिरजाकडे पाहिलं, बाईंकडे पाहिलं.

"मी काय म्हणतो, हे अकरावं चित्र तुमच्याजवळ होतं का?"

"नाही, साहेब."

"मग पोरीच्या डोक्यात तुमच्या डब्यापेक्षा जास्त माल आहे. लिहा तसं." आणि त्यांनी चिमूट ओढली, पोट पुढे काढलं, तोंड आभाळाकडे केलं आणि शिंकले. गिरजाने केलं होतं तस्संच. पोरांना आता कुणी आवरलं नाही.

तिसरी-चौथी राहिली. दुसरा मास्तर राहिला. प्रोफेसरांचं कार्ड तीन महिन्यांनी आलं, त्यावर एकच ओळ होती. 'म्हणजेच निबंध नाही.' पुढे त्यांनी बाईंना प्रयोगशाळेत बोलावलं नाही, आणि बाईंनीही विचारलं नाही. त्या मुरबाडच्या मुलींच्या शाळेत लागल्या आणि सुट्टी मिळाली की डबा घेऊन गावोगाव फिरू लागल्या. आता त्यांची रीत बदलली होती. कुठल्याही गावात गेलं की पहिले दोन दिवस पोरांना काही विचारायचं नाही. बायांना विचारायचं, इथे काय बोलत नाहीत? ते कळलं की मग चित्रं काढायची. मुरबाडच्या वाल्मिकला पाढे येत नसत, म्हणून तो मठ्ठ ठरला होता. बाईंनी शोधून काढलं, की बाजाराच्या दिवशी कुणाची गाडी कुणाच्या मागे सुटली होती ते तो महिन्यानंतर बिनचूक सांगतो. मग पाढ्यातला दर आकडा एकेक गाडी झाला, आणि वाल्मिक एकोणतीसपर्यंत हाकत गेला.

त्रेचाळीस साली एका मासिकात बाईंची तीन पानं छापून आली, खाली फक्त त्यांचं नाव. देवजीला वाचता येत नव्हतं. त्याने मासिक मुंडाशात खोचलं आणि कल्याणपर्यंत प्रत्येक नाक्यावर काढून दाखवलं, बहुतेक वेळा उलटं धरून.

आता ज्या धाकटीने कोंबड्याचा घास तोंडातून काढला होता, तीच हे लिहिते आहे. शेणव्याची चौथी चालू राहिली म्हणून ती चौथी शिकली, आणि पुढे शहापूरला मामीकडे राहून सातवी. गावातल्या कुणाचंही बोलणं, चालणं, खोकणं ती करून दाखवते, आणि तिची सगळ्यांत गाजलेली नक्कल अंबूबाईंची. चष्मा नाकाच्या टोकावर, मान तिरकी, हवेत खटका, आणि "हं, पुढे?"

यंदा आश्विनात बाई शेणव्याला आल्या. ओटीवर गप्पा निघाल्या तेव्हा सातवी पास कन्या म्हणाली, "हे नाव न घ्यायचं अडाणीपण आहे, बाई. वाघ म्हणजे काय, एक जनावर. भूगोलात त्याचं चित्र आहे. वाघ, वाघ, वाघ!"

"आता गुरं गोठ्यात आहेत," बाई म्हणाल्या. "हं, पुढे?"

पुढे पैज लागली. दुसऱ्या दिवशी चार वाजता, ओढ्यापलीकडे, गुरं वर रानात असताना, एकदाच आणि मोठ्याने नाव घ्यायचं. घेतलं तर बाईंनी भर वर्गात एका पायावर बगळा व्हायचं. नाही घेतलं तर एक महिना बाईंची नक्कल तोंडाने करायची नाही. पंच म्हणून गिरजा, जी तान्हं घेऊन माहेरी आली होती.

चार वाजले. ऊन लख्ख होतं, भात पोटरीला आलं होतं, भिण्यासारखं काही म्हणजे काही नव्हतं. कन्येने छाती भरून श्वास घेतला. तेवढ्यात वर करवंदीच्या जाळीमागे घंटा वाजली. ती चांदीच्या गळ्यातली होती. घरची गाय, गाभण.

कन्येने तोंड उघडलं आणि डरकाळी फोडली. अशी फोडली, की ओढ्यावरचे पोपट उडाले.

"डरकाळी छान," बाई म्हणाल्या. "नाव?"

घंटा पुन्हा वाजली.

"मोठा," कन्या म्हणाली. तेही हळू.

गिरजा एवढी हसली, की तान्हं जागं झालं. बाईंनी खटका दाबला. "सतरा सेकंद," म्हणाल्या आणि वहीत लिहिलंसुद्धा.

परतताना कन्येने फणकाऱ्याने विचारलं, "तुमी घेतलं असतं का हो?"

"मी? गुरं वर असताना?" बाई ओढ्यात मधोमध थांबल्या. "वेडी का काय गो तू!"

"मग पैज कशी लावलीत?"

"पैज तुझ्यावर होती. माझ्यावर कुठे होती?"

महिन्यातले एकोणीस दिवस गेले, अकरा उरले. शाळेतली पोरं रोज येऊन भुणभुण करतात, एकदा तरी बाई कर ना गो, हळूच कर. ती करत नाही. तोंडाने करायची नाही असं ठरलं होतं. लेखणीचं कुणी काही बोललं नव्हतं.